माणसाची घडी

कट्‌ — हा नव्हे बाई, याच्या नंतरचा. खाटेचा कठडा वर करून खटका अडकवला की पहिल्यांदा असा कट्‌ वाजतो, आत्ता तुम्ही केलात तसा. मी ऐकला होता तो त्याच्या नंतरचा. खुळ... खुळ... खुळ... सैल कठड्याला आतून कुणी हलकेच ओढावं तसा. जोरात नाही हं — शेजारच्याची झोप मोडू नये म्हणून जपून ओढावं, तसा. बरीच वर्षं झाली त्याला. माझा हा एक कान वखारीतल्या करवतीने खाल्ला, उरलेल्या कानात तो आवाज मुक्कामाला आहे, हलतच नाही. — छे छे, तुमचं काही चुकलं नाही, कठडा वर करायचाच असतो, म्हातारा माणूस गडगडला खाली तर केवढ्याला पडेल! मी आपलं सहज म्हणालो. बसा ना. खुर्ची नको, तिचा पाय डुगडुगतो, ते स्टूल घ्या. आणि बोलायचं झालं तर या बाजूने बोला, त्या बाजूला कानाची नुसती शोभेची पाळी आहे.

मोठ्या बाई येतीलच, बाकीच्या पाहुण्यांना घ्यायला फाटकापर्यंत गेल्यात. तोवर तुम्हाला इथे टेका म्हणाल्या ना? बरं केलंत. खोली बघून घ्या, आजपासून तुमच्या नावाची व्हायची आहे. दारावर ते फडकं लावलंय ना, त्याच्या आत पाटी आहे. — मी? मी इथला सरावाचा पेशंट. नर्सिंगच्या मुलींना शिकायला जिवंत माणूस लागतो की नाही? पलीकडच्या खाटेवर तो प्लास्टिकचा बाहुला झोपलाय ना, त्याला मुली आत्याबाई म्हणतात. आत्याबाईंना कितीही सुया टोचा, हूं नाही की चूं नाही. मी ओरडतो. म्हणून मला चहा मिळतो आणि आत्याबाईंना मिळत नाही. हसलात? मुलीही हसतात, पहिल्या दिवशी मी हे मुद्दाम सांगतो, नाहीतर त्यांचे हात असे गार पडतात भीतीने की अंग पुसून घ्यायला नको वाटतं.

खरंच सांगतो, चांगल्या असतात पोरी. मुलगेही असतात चारदोन, पण ते फार दणादण वळवतात माणसाला, पोतं वळवल्यासारखं. मी म्हणतो, बाबा रे, आधी सांग तरी मला, की आजोबा, आता तुम्हाला डाव्या कुशीवर घेतो. नाव सांगायचं. विचारायचं. पडदा ओढायचा. पाण्यात आपलं कोपर बुडवून बघायचं. पुसतोय तेवढाच भाग उघडा ठेवायचा, बाकीचा झाकलेला. हे त्यांना पाठ असतं हो, पुस्तकातलं घडाघडा म्हणून दाखवतात. पण पाठ म्हणता म्हणता माझा गुडघा उघडा राहतो! मग मी नुसता गुडघ्याकडे बघतो. त्याही बघतात, आणि जीभ चावतात.

आज तुम्ही माझ्यावरच दाखवणार ना? पेशंट खाटेवर असताना चादर कशी बदलायची ते? भाषण झालं की मुलगे येऊन ही खाट अशीच ढकलत हॉलमध्ये नेतील. तुमच्या हातची चादर म्हणजे काय विचारायचं! एक सुरकुती नाही. कोपरे असे दुमडलेले की वाटावं इस्त्री करून आणलेत. उगीच का तुम्हाला वॉर्डात घडीबाई म्हणायचे! — बघा, आवडलं तुम्हाला. चेहरा खुलला. खूप दिवसांनी ऐकलंत ना? ‘घडी मोडू नका हं आजी, डॉक्टरांची फेरी यायचीय.’ असंच म्हणायचात ना तुम्ही? बायकांच्या वॉर्डात. खिडकीकडच्या रांगेत. — कसं माहीत म्हणजे? माझी बायको होती तिथे. तुमच्या हाताखाली होती.

नाही आठवायची. रोज इतकी माणसं यायची, एकेकाचं तोंड कुठे लक्षात ठेवायचं. उतारावरून पाय घसरला तिचा, मांडीचं हाड मोडलं. पायाला वजन बांधून ठेवलं होतं, कुशीवर होता येत नव्हतं. रागीट बाई, घरात जीभ कात्रीसारखी — मी भाजी आणली की कधी ‘छान आणलीत’ म्हणून नाही, ‘भाजीवाल्याने तुम्हाला लांबूनच ओळखलं वाटतं’ म्हणायची. पण परक्या माणसापुढे उभी राहिली की आवाज घशातच. आणि एक होतं तिचं. काही शब्द ती तोंडाने उच्चारायचीच नाही. आमचा संडास घरातच हो, स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून. तरी जन्मभर म्हणायची काय — ‘जरा बाहेर जाऊन येते.’ मी चिडवायचो, अगं, बाहेर कुठे, आतच तर चाललीस! तर डोळे वटारायची. तिच्या आईने तसं शिकवलं, आईच्या आईने तसं शिकवलं, त्यांच्या घरात ते बाहेरच होतं. भिंती बदलल्या, शब्द तोच राहिला.

त्या दुपारी ती तुम्हाला म्हणाली, ‘सिस्टर, मला बाहेर जायचंय.’

काय म्हणालात तुम्ही? ‘आजी, पाय मोडलाय, बाहेर कुठे जाताय?’ ती परत म्हणाली, ‘बाहेर जायचंय हो, लवकर.’ तुम्ही म्हणालात, घरी पाठवू हं, बऱ्या झालात की पाठवू. तिसऱ्यांदा म्हणाली आणि उठायला बघायला लागली. मग तुम्हाला वाटलं भ्रम झालाय म्हातारीला, पायाचं वजन तोडून पळून जाईल. तुम्ही पट्टीच्या कापडाने तिचे दोन्ही हात कठड्याला बांधलेत. कागदावर लिहिलंत, पळायला बघते. — थांबा, मला बोलू द्या. अख्ख्या वॉर्डात तुम्ही एकट्या होतात, माहीत आहे. तीही गोष्ट मी मुलींना सांगतो, खोटं कशाला बोलू? पडली असती तर दोष तुमच्यावरच आला असता, तेही सांगतो. बांधल्याचा राग नाही, बाई. म्हणजे — आहे. पण तो मी गिळला असता.

मी भेटीच्या वेळेला आलो तर व्हरांड्यातच तो आवाज. खुळ... खुळ... मला वाटलं, कुणीतरी खिडकी लावायची राहिली. आत आलो तर ती. मला बघून ओढायची थांबली. चादर कशी, तर एक सुरकुती नाही, हनुवटीपर्यंत नीट, कोपरे दुमडलेले. मी हात घातला चादरीखाली, तिचा हात धरायला म्हणून — तर सगळं ओलं. थंडगार. कधीचं, देवाला माहीत. फेरीच्या आधी तुम्ही वरची चादर बदललीत, बाई. खालची नाही.

मी तुमच्याकडे आलो. टोपी हातात घेऊन आलो, भांडायला नाही. म्हटलं, सिस्टर, ती बाहेर म्हणते ना, ते — ते संडासला म्हणते. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. आणि मग तुमच्या बदलीवर त्या दुसऱ्या सिस्टर आल्या होत्या, त्यांच्याकडे वळून तुम्ही म्हणालात, ‘अगं, ऐकलंस का, बाहेर म्हणजे तसलं बाहेर!’ आणि हसलात. दोघीही. पोट धरून हसलात, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आणि शेजारच्या खाटेवरची हसली, आणि तिच्या शेजारची. आणि — तुम्हाला सांगतो — माझी बायकोसुद्धा हसली. हात बांधलेले, खाली ओलं, आणि ती तोंड वाकडं करून हसली, कारण सगळे हसत होते. तिला वाटलं, हसलं नाही तर वाईट दिसेल.

आता नका पुसू डोळे. ते हसण्याचं पाणी होतं, हे कशाचं आहे ते मला कसं कळणार?

त्या दिवसापासून तिने पाणी सोडलं. प्यायची नाही म्हणजे घोट घ्यायची, ओठ ओले करायची, आणि तुम्ही पाठ फिरवलीत की भांडं उशाखालच्या टॉवेलवर रिकामं करायची. आत गेलंच नाही तर बाहेर जायला नको, एवढा सोपा हिशेब. मी म्हणायचो, अगं, ओठ सुकलेत तुझे. तर म्हणायची, ‘हवाच कोरडी आहे इथली.’ मग लघवीत जंतू झाले म्हणाले. मग ताप. मग काय काय म्हणाले, मला त्यातलं अर्धं कळलं नाही. पायाचं हाड मात्र सरळ जुळलं होतं, हं. डॉक्टरांनी फोटो दाखवला मला, बघा म्हणाले, किती छान जुळलंय.

पुढे ऐकलं की तुम्ही इकडे शिकवायला आलात. माणसाशी कसं वागावं ते शिकवायला! मी म्हटलं, आता बोलायचं. कपडे बदलले, आलो. काय बोलायचं ते मनाशी घोकत आलो. तर दारात एक तरुण बाई उभी, मला बघून म्हणते, ‘आलात का? किती वाट बघायची! चला, झोपा.’ मी म्हणतोय, अहो, ऐका तर, आणि ती मला हाताला धरून इथेच आणते, याच खाटेवर. त्यांनी सरावाला कुणीतरी म्हातारा सांगितला होता, तो आलाच नाही, तिला वाटलं तोच मी. ती बोलत होती या शोभेच्या कानाकडून, मला नीट ऐकूही येत नव्हतं, मी आपला झोपलो. आणि पोरी आल्या. एकीने विचारलं, ‘आजोबा, पाय पुसू का तुमचे?’ विचारलं, बाई! आणि बोटांच्या मधे मधे पुसलं, हलक्या हाताने. मी भांडायला आलो होतो आणि रडत होतो छताकडे बघून. मग कळलं, तुमची महिनाभर आधीच दुसरीकडे बदली झाली होती, वरच्या जागेवर. म्हटलं ठीक आहे. येईल कधीतरी. राहिलो इथेच वाट बघत.

वाट बघणारा माणूस हातावर हात ठेवून बसत नाही. मी पोरींना ती गोष्ट सांगायला लागलो. तुमचं नाव कधी घेतलं नाही, नाव घेतलं की तक्रार होते. नुसतं म्हणायचो, एक घडीबाई होती. माणसाची घडी घालून ठेवायची. बस, एवढंच. पोरींनी उचललं ते! आता तुम्ही कुठल्याही वर्गात जा. एखादीने न विचारता पेशंटला वळवलं, पडदा न लावता पांघरूण काढलं, की दुसरी ओरडते, ‘ए, घडी घालू नकोस त्यांची!’ परीक्षेत नापास झालेली मुलगी बाहेर येऊन काय सांगते? ‘घडी घातली गं मी.’ शिकून गेलेल्या आता मोठमोठ्या दवाखान्यांत आहेत, तिथेही हेच बोलतात म्हणे. एकीने पत्रात कळवलं, आमच्याकडचे डॉक्टरसुद्धा म्हणायला लागलेत. तुमचं लाडाचं नाव, बाई — शिवी केली मी त्याची. बसल्या जागी. झोपल्या जागी म्हणा. तुम्ही तिकडे वरच्या जागांवर चढत होतात आणि मी इथे अंथरुणात पडून तुमचं नाव एकेका पोरीच्या तोंडी घालत होतो. म्हणून म्हणतो, आज मोठ्या बाई भाषणात तो शब्द उच्चारतील ना, तेव्हा सगळा हॉल —

काही नाही. कुठला शब्द? मी म्हणालो का काही? वय झालं, काहीतरी तोंडातून जातं.

अशा बघू नका माझ्याकडे. बरं, सांगतो, सांगून टाकतो, आता काय फरक पडतो. या मोठ्या बाई नवीन आल्यात, त्यांना यातलं काही ठाऊक नाही. परवा मला म्हणाल्या, ‘आजोबा, तुम्ही इथले जुने, मुख्य पाहुण्यांची एखादी गोड आठवण आहे का, भाषणात घालायला?’ मी म्हटलं, आहे की. त्यांना प्रेमाने घडीबाई म्हणायचे, चादर इतकी नीट घालायच्या. खूश झाल्या. लिहून घेतलं. ‘आणि ज्यांना सगळे प्रेमाने घडीबाई म्हणत, त्या’ — असं म्हणून तुम्हाला इथून हॉलमध्ये बोलावणार आहेत. तुम्ही हॉलच्या दारात उभ्या. समोर सगळ्या पोरी. आधी एक क्षण कुणाला कळणार नाही. मग पुढच्या रांगेतली मागे वळून बघेल. मग कुजबूज. मग एक जण फसकन हसेल, आणि तिच्या शेजारची, आणि तिच्या शेजारची. आणि तुम्हाला कशावर हसतायत ते कळणार नाही, आणि तुम्हीही हसाल. वाईट दिसू नये म्हणून हसाल. तेवढं बघायचं होतं मला. इथे खाटेवर पडून बघणार होतो, त्या उघड्या दारातून. आता सगळं मीच सांगून बसलो, गाढव तो गाढवच मी. वखारीत सगळे म्हणायचे, याच्या पोटात भुसासुद्धा राहत नाही.

काय? या बाजूने बोला, त्या कानाला — हं. काय म्हणालात?

तिला चाललं असतं का?

काय चाललं असतं का? पोरींना हे सांगितलेलं? — तुम्ही कोण हो विचारणाऱ्या? तुम्ही! चालायला काय झालं? शिकल्या ना त्या? किती म्हाताऱ्या सुटल्या असतील त्यामुळे, बांधून घालायच्या राहिल्या असतील. आता इथल्या पोरी ‘बाहेर’ ऐकलं की आधी भांडं आणतात, मग विचारतात. मी शिकवलंय ते, मी. तिच्यामुळेच ना? तिचं नाव... नाव नाही सांगितलं मी, नुसतं म्हणतो, माझी बायको. म्हणतो, चादरीखाली हात घातला तर — दर वर्षी म्हणतो. नव्या पोरी असतात, वीस वर्षांच्या, तोंडावर हात ठेवून ऐकतात. आणि ती, जिला माझ्यापुढेसुद्धा तो शब्द —

नसतं चाललं.

जीभ हासडली असती माझी. पाहुण्यांपुढे मी एकदा नुसतं म्हणालो, हिचं पोट बिघडलंय, तर आठवडाभर बोलली नव्हती माझ्याशी. ताट आपटायची पुढ्यात. तुम्ही तिला वॉर्डापुढे उघडं केलंत, एका दुपारी. आणि मी... नाही. नाही, ते वेगळं. तुम्ही हसायला केलंत, मी शिकवायला करतो. वेगळं आहे ते. आहे ना? मानही हलवू नका, तुमच्याकडून नको मला उत्तर. एवढी वर्षं मला कुणी विचारलं नाही आणि विचारलं कुणी, तर तुम्ही!

ऐकलंत? माईक तपासतायत. आल्या वाटतं पाहुण्यांना घेऊन. पोरींच्या चपला वाजतायत बघा, हॉल भरला.

हे बघा. ते मागचं दार आहे ना, कपाटाच्या बाजूचं, ते धुलाईकडे उघडतं. तिथून निघालात तर फाटकापर्यंत कुणी बघायचं नाही. मी सांगेन, बाईंना एकाएकी चक्कर आली, घरी गेल्या. जा. — उपकार नाहीत हे. दया तर अजिबात नाही. मला बघायचंय. ती पळत नव्हती, बाई. तिच्या कागदावर तुम्ही लिहिलंत पळायला बघते, आणि तो कागद तिच्याबरोबर शेवटपर्यंत राहिला, सगळे डॉक्टर तो वाचून तिच्याशी लहान मुलाशी बोलावं तसे बोलायचे. आता तुम्ही पळा. मी या खाटेवरून तुमची पाठ बघतो, तेवढं पुरे मला. पाटीही उद्या उतरवतील. फडकं काढायलाही नको, तशीच उतरवतील.

उठलात? बरं. चादर राहू द्या, हात लावू नका. आहे ती ठीक आहे. चुरगळलेली असू दे.

हां, त्या बाजूने. कपाटाच्या — नाही, बाई, तिकडे नाही, ते हॉलचं दार. अहो, तिकडे सगळ्या पोरी बसल्यात. भाषण सुरू झालंय त्यांचं, ऐकू येतंय ना तुम्हाला? तो शब्द आत्ता येईल, थोडं थांबा तरी! काय सांगणार आहात तुम्ही त्यांना? तिचं सांगणार? बाई, तिचं ते — ते नका सांगू, तेवढं ओल्याचं — अहो, काहीतरी बोला. हो म्हणा, नाही म्हणा. बाई —